कुंपणातला तळीराम

"काकू, हे घ्या कणकेचे दिवे. कालचेच आहेत, जरा वाफ दिली की मऊ होतील."

"ठेव गं कठड्यावर. आधी सांग, रात्री दारात पोलिसांची गाडी कशाला?"

"कुंपणात तळीराम सापडला! ती बघा जास्वंद, पार मोडली. विशीतला पोरगा, एका पायात बूट, दुसरा पाय चिखलात. मला म्हणतो, 'आई, झोपू दे ना.'"

"त्या भाड्याच्या बंगल्यातलाच! दुपारी खोकी उतरत होती. सात."

"मोजलीत?"

"दिसतं गं इथून. लोणावळ्यात राहून पावसाळा नकोसा झालाय बाई. आपण दिव्यांची अवस करायची, ह्यांची गटारी."

"वर कायद्यानं दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, बियरला २१. परवाना वेगळाच, एका दिवसाचा पाच रुपयांत."

"परवाना? आमच्या ह्यांनी जन्मात काढला नाही."

"काकू!"

"म्हणजे घेत नाहीत गं ते. दिवाळीला काय तेवढी. बरं, नेलं त्याला?"

"नेतात कसले लगेच! ११२ला फोन केला, दोघं आले, रेनकोटातून पाणी गळतंय. हवालदार म्हणाले, 'असा तर्र माणूस कोठडीत टाकला आणि रात्री काही झालं, तर आमच्या गळ्याशी.' म्हणून आधी सरकारी दवाखाना, मग रक्त, मग कागद. एका झिंगलेल्यापायी दोघं पहाटेपर्यंत अडकले. तिकडे भुशी धरणाच्या रस्त्याला नाकाबंदी, तिथं माणसं कमी. नळीत फुंकायला सांगितलं की कोणी नुसते ओठ लावतो, कोणी खोकतो, कोणी मामाला फोन लावून देतो."

"कुठला मामा?"

"मंत्रालयातला. सगळ्यांचा असतो."

"पण दंड जबर आहे ना?"

"१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू निघाली, की पहिल्याच खेपेला १० हजार, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद. पण ते गाडी चालवणाऱ्याला. हा तर रांगत होता. त्याला १९४९चा दारूबंदी कायदा."

"अगं, आपल्याकडे दारूबंदी आहे?"

"कागदावर आहे की! म्हणून तर परवाना."

"कमाल आहे. चहा तरी दिलास का त्या हवालदारांना?"

"दिला. उभ्यानं दोन दिवेही खाल्ले. म्हणाले, 'घरी केले असतील, पण आता उद्या दुपारीच तोंड दिसेल.'"

"आणि तो पोरगा?"

"त्यालाही दिला एक. बराच वेळ हातात धरून बसला, मग विचारतो, 'आई, काडेपेटी आहे?'"