लाखाचा लॅपटॉप आणि हाताने लिहायचे जर्नल

विद्यापीठाच्या शिक्षणासाठी घेतला जाणारा महागडा लॅपटॉप ही महाराष्ट्रात साधारणपणे जुलै ते सप्टेंबर या काळात होणारी खरेदी आहे. सीईटी सेलची पहिली प्रवेशफेरी जाहीर झाली की या खरेदीची चर्चा सुरू होते. शाखा कोणती मिळणार, कॉलेज पुण्यात की सांगलीत, हे शेवटच्या फेरीपर्यंत ठरत नाही. लॅपटॉप कोणता हे पहिल्या फेरीलाच ठरलेले असते. कॉलेजसाठी निदान बेटरमेंटची, म्हणजे पुढच्या फेरीत अधिक चांगले मागण्याची, सोय आहे. लॅपटॉपसाठी ती नाही.

महागडा म्हणजे सध्याच्या बाजारात ८० हजारांच्या पुढचा. त्याच्या दोन जाती आहेत, पातळ आणि जाड. पातळ जातीचा नमुना म्हणजे ॲपलचे मॅकबुक एअर. मार्च २०२५मध्ये आलेल्या एम४ चिपच्या एअरची भारतातली किंमत ९९,९०० रुपयांपासून सुरू झाली. लाखाला शंभर रुपये कमी ठेवण्यामागचा हेतू उघड आहे : ‘आम्ही काही लाखाचा घेतला नाही’ असे वडिलांना नातेवाइकांत सांगता यावे. विद्यार्थ्यांना तेच यंत्र ८९,९०० रुपयांना मिळत असे आणि हंगामात त्याबरोबर कानात घालायचे एअरपॉड्सही. ते फुकट असतात, असा समज आहे. जाड जात म्हणजे गेमिंग लॅपटॉप. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, चार्जर विटेएवढा, पंख्याचा आवाज वाचनालयात तीन टेबलांपलीकडे पोचणारा. चार्जिंग मात्र तासिका संपेपर्यंत टिकेल याची खात्री नाही, त्यामुळे हा विद्यार्थी वर्गात नेहमी भिंतीलगत, प्लगच्या शेजारी आढळतो.

खरेदीचा निर्णय चार जण घेतात : विद्यार्थी, वडील, हिंजवडीतला आतेभाऊ आणि दुकानातला विक्रेता. यांत आतेभावाचे मत निर्णायक मानतात, कारण तो ‘त्याच फील्डमध्ये’ आहे. त्याने स्वतः कित्येक वर्षांत लॅपटॉप विकत घेतलेला नसतो, कंपनी देते. म्हणूनच त्याच्या शिफारशी सढळ असतात. ‘घेतोच आहेस तर चांगलाच घे’ हे त्याचे वाक्य फोनवर येते आणि अंदाजपत्रक २० हजारांनी वर जाते. विक्रेत्याचे वाक्य ‘आत्ता घ्या, पुढे महागणार’ हे असते. या वाक्याला एकदा आधारही मिळाला होता : ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले आणि दुसऱ्याच दिवशी त्याची अंमलबजावणी नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली. सरकारने बेत बदलला, विक्रेत्याने वाक्य बदललेले नाही. आई एकच प्रश्न विचारते : ‘यावर अभ्यास नेमका काय करायचाय?’ संपूर्ण व्यवहारातला तेवढाच तांत्रिक प्रश्न, आणि त्याला कोणी उत्तर देत नाही.

पैशाची बाजू अशी. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ९९,९०० रुपयांतले सुमारे १५,२०० रुपये करापोटी जातात. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमासाठी गरज असल्यास वाजवी किमतीच्या संगणकाचा खर्च बसतो. ‘वाजवी’ म्हणजे किती, यावर बँक व्यवस्थापक आणि विद्यार्थी यांची मते जुळत नाहीत. खुल्या प्रवर्गातल्या आणि वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलग्याला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्म्या शिक्षण शुल्काची सवलत मिळते. ही सवलत घरात शिल्लक राहत नाही. दुकानात जाते.

उरलेल्यांसाठी ‘नो कॉस्ट ईएमआय’ आहे. शून्य टक्के व्याज असे काही नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्ये बँकांना स्पष्ट बजावले. त्यानंतर शून्य गेले आणि ‘नो कॉस्ट’ आली. बँक व्याज घेतेच. तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी सूट म्हणून आधी वजा करते. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी ग्राहकाच्या वाट्याला येते. शिवाय रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती तीही जाते. हा हिशेब अकरावी-बारावी वाणिज्यच्या मुलाला सहज करता येतो, पण तोपर्यंत तो बीबीएला प्रवेश घेऊन याच रांगेत उभा असतो.

आता अभ्यासक्रमाकडे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला इंजिनीअरिंग ड्रॉइंग असते. त्याला ड्राफ्टर लागतो, शीट लागते आणि आदल्या रात्री जीटी मारण्यासाठी, म्हणजे सीनियरची शीट खालून उजेड देऊन उतरवण्यासाठी, काच लागते. महागड्या लॅपटॉपचा उजळ पडदा इथे उपयोगी पडेल असे वाटते. एअरचा पडदा ५०० निट्सचा आहे, म्हणजे सीनियरच्या शीटवरच्या रेषा खालून चांगल्या दिसाव्यात. अडचण मापाची आहे. हाफ इम्पीरियल शीट १५ बाय २२ इंचांची आणि पडदा कर्णरेषेत १३.६ इंचांचा. त्यामुळे खिडकीची काच आणि खाली ठेवलेला बल्ब या कामात अजूनही सरस ठरतात, आणि त्यांना ईएमआय नाही.

प्रोग्रामिंगचा विषय लॅपटॉपचे खरे क्षेत्र मानला जातो. अनेक कॉलेजांच्या प्रयोगशाळांत सी भाषा वर्षानुवर्षे टर्बो सी++वर शिकवली गेली. बोरलँड कंपनीचे हे सॉफ्टवेअर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचे, डॉसच्या जमान्यातले. आजच्या यंत्रावर ते सरळ चालत नाही. त्यासाठी डॉसबॉक्स नावाचा प्रोग्राम घालावा लागतो, आणि तो नव्या संगणकाला तीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या संगणकाचे सोंग घ्यायला लावतो. एम४ चिपमध्ये २८ अब्ज ट्रान्झिस्टर आहेत. ते सगळे मिळून ६४० किलोबाइट मेमरीचे निळ्या पडद्याचे जुने यंत्र असल्याचा अभिनय करतात, विद्यार्थी त्यावर दोन संख्यांची बेरीज करतो आणि पडदा पुसायला clrscr ऐवजी काय लिहायचे हे नोकरी लागेपर्यंत शिकत नाही. आता बऱ्याच ठिकाणी पायथन आले आहे हे मान्य केले पाहिजे. पायथनमधली बेरीज ३५ हजारांच्या लॅपटॉपवरही तेवढीच येते.

बेरीज आली की ती जर्नलमध्ये हाताने उतरवायची असते. रेघांच्या पानावर प्रोग्राम, कोऱ्या पानावर फ्लोचार्ट, खाली पेन्सिलीने आउटपुट. प्रिंट चालत नाही, कारण प्रिंट काढली तर विद्यार्थ्याने स्वतः काम केले हे कसे कळणार? हातचे अक्षर असले की त्याने ते दुसऱ्याच्या जर्नलवरून स्वतः उतरवले एवढे तरी सिद्ध होते. सबमिशनच्या आठवड्यात वसतिगृहातले सगळे लॅपटॉप बंद असतात किंवा त्यांवर मालिका चालू असते, आणि सगळे हात जर्नल लिहीत असतात. एक्स्टर्नल परीक्षक येतात, पान उलटतात, सही आहे का ते बघतात.

हाताने लिहिण्याच्या बाजूने विज्ञानही उभे केले जाते. २०१४मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन आणि यूसीएलए विद्यापीठांच्या दोन संशोधकांनी असे मांडले की वर्गात हाताने टिपणे काढणाऱ्यांना संकल्पना जास्त कळतात, लॅपटॉपवाले शब्दन्‌शब्द टंकतात. पुढे इतरांनी तेच प्रयोग पुन्हा केले तेव्हा हा फरक तितका ठाम दिसला नाही. प्राध्यापक मंडळींनी पहिला निबंध वाचला आहे. नंतरचे वाचायला त्यांना सवड झालेली नाही.

सेमिनारच्या दिवशी लॅपटॉपची सार्वजनिक परीक्षा होते. पातळ लॅपटॉपला टाइप-सीची दोन भोके असतात. सभागृहातल्या प्रोजेक्टरला बऱ्याचदा व्हीजीएची जाड निळी वायर असते, दोन्ही बाजूंनी स्क्रू पिळायची. या दोन युगांना जोडणारा डोंगल वेगळा विकत मिळतो आणि तो त्या दिवशी नेमका खोलीवर राहिलेला असतो. मग सादरीकरण मित्राच्या जुन्या, जाडजूड, सगळी भोके असलेल्या लॅपटॉपवरून होते. हाच प्रसंग झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन जाताना उद्भवतो, फक्त तिथे प्राध्यापकांऐवजी रांग हसते. मानव्यविद्यांची मुले याला अपवाद नाहीत. मराठीचा प्रबंध कितीही उंची यंत्रावर युनिकोडमध्ये लिहिला तरी कित्येकदा तो शेवटी विद्यापीठाजवळच्या डीटीपीवाल्याकडे जातो, तिथे श्री-लिपीत उतरतो आणि वाटेत जोडाक्षरे सांडतात.

गरज कुठेच नाही, असे मात्र नाही. आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स, लुमियन यांसाठी ग्राफिक्स कार्ड असलेले दणकट यंत्र लागते. तिथे काटकसर केली तर एक रेंडर होईपर्यंत रात्र जाते. ॲनिमेशन आणि व्हिडिओ संकलन शिकणाऱ्यांचेही तेच. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगवाल्याला एअर चांगले उपयोगी पडते : बॅटरी दिवसभर पुरते, आतली प्रणाली युनिक्सच्या घराण्यातली आहे, आणि आयफोनचे ॲप बनवायचे तर एक्सकोड मॅकवरच चालते. मशीन लर्निंगसाठी महागडे ग्राफिक्स कार्ड हवे असे सांगणारे भेटतात. पदवीच्या पातळीवरचे बरेचसे काम गूगल कोलॅबवर फुकट होते, साध्या ब्राउझरमध्ये.

मेकॅनिकल आणि सिव्हिलची गोष्ट उलटी आहे. सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ, ईटॅब्स ही सगळी विंडोजची मंडळी. ॲपलच्या स्वतःच्या चिपा २०२०पासून आल्या तेव्हापासून मॅकवर विंडोज थेट टाकण्याची जुनी सोयही गेली. ही माहिती मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षी, म्हणजे यंत्राची वॉरंटी संपल्यावर, मिळते. व्हॅलोरंट मॅकवर चालत नाही हे मात्र त्याला पहिल्या प्रवेशफेरीच्या आधीपासून ठाऊक असते, आणि जाड जातीच्या खरेदीमागचे ‘ऑटोकॅडला लागतो’ हे कारण तिथूनच जन्माला येते.

‘चार वर्षे बघायला नको’ हा महागड्या लॅपटॉपच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद, आणि तो निम्मा खरा आहे. धातूची बांधणी टिकते, बिजागऱ्या ढिल्या होत नाहीत, विकताना भाव बरा येतो. पण एअरमध्ये रॅम आणि साठवण बोर्डावर पक्की बसवलेली असते. ऑक्टोबर २०२४पर्यंत एअरच्या पायाभूत मॉडेलमध्ये ८ जीबी रॅम देत होते, मग एका दिवसात १६ झाली. त्याच्या आदल्या आठवड्यात घेणाऱ्यांना चार वर्षे त्या आठावरच काढायची आहेत. २५६ जीबीची साठवण दुसऱ्या सत्रात सिनेमांनी भरते. साध्या लॅपटॉपची रॅम अनेक मॉडेलांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत तासाभरात वाढवून मिळते. आणि वसतिगृहातला चहा दोन्ही जातींवर सारखाच सांडतो. फरक दुरुस्तीच्या बिलात पडतो.

जुन्या यंत्रांचा बाजार या चर्चेत कोणी काढत नाही, कारण लग्नात नवरदेवाला जुना कोट घालावा तसे ते वाटते. आयटी कंपन्या काही वर्षे वापरून थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक परत करतात आणि ती यंत्रे तपासून, पुसून दुकानात येतात. त्यांचा कीबोर्ड आणि बांधणी नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा बहुधा चांगली असते. पथ्य एक : विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते. त्याआधीचे यंत्र स्वस्त असले तरी घेऊ नये. आतेभावाने गेल्या वर्षी कंपनीला परत केलेला लॅपटॉप अशा रीतीने त्याच्याच भावाकडे येऊ शकतो, पण तो तसे सुचवणार नाही.

तेव्हा निकाल असा. पहिल्या सत्रात काहीही घेऊ नये. कॉलेजच्या प्रयोगशाळेचे शुल्क भरलेले असते, ते वसूल करावे. त्याच शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून कोणती सॉफ्टवेअर लागतात ते विचारावे. बहुतेक शाखांना १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीचा, साधारण ५०-६० हजारांचा विंडोज लॅपटॉप पुरतो. कला, वाणिज्य, कायदा यांना त्याहूनही कमी. आर्किटेक्चर आणि ॲनिमेशनवाल्यांनी ग्राफिक्स कार्डावर खर्च करावा. कॉम्प्युटरवाल्याला एअर घ्यायचे असेल तर ते हप्त्यांशिवाय जमत असेल तरच. ड्राफ्टर मात्र पहिल्याच आठवड्यात लागतो, आणि तो सीनियरकडून निम्म्या किमतीत मिळतो.