नानांची बहामाज पासिंगची ड्यूटी

ती. दादा आणि वहिनी यांस,


नाना सुखरूप आहेत, गुडघ्यांनी नवं काही काढलेलं नाही आणि बोट बुडाली नाही. वहिनींनी निघायच्या आधी फोनवर काढलेल्या तिन्ही शंकांचं निरसन झालं असं धरून पुढचं लिहितो.

अलास्काला बोटीनं जायचं ठरलं तेव्हा प्रश्न नानांच्या चालण्याचा होता. घरात ते काठी टेकत सगळीकडे जातात. पण बोट तीनशे मीटर लांब, खोली एका टोकाला आणि जेवण दुसऱ्या. नाश्ता करून परत येईपर्यंत दुपारच्या जेवणाला निघायची वेळ झाली असती. म्हणून बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर भाड्यानं घेतली. भाड्यानं देणारे ती थेट बोटीवरच्या खोलीत आणून ठेवतात आणि शेवटी तिथूनच घेऊन जातात. नानांना सांगितलं तर म्हणाले, "सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. मला बसवून नेणारा अजून जन्माला यायचाय." त्यावर त्यांच्या धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "नाना, चालवायची तुम्हीच आहे." मग कुठे चष्मा पुसून त्यांनी गाडीचा फोटो बघितला.

खोलीत गाडी उभी होती. नानांनी तिला एक प्रदक्षिणा घातली आणि चारही टायरांवर काठी ठोकून आवाज ऐकला. क्लच नाही, गिअर नाही, पायात ब्रेक नाही. उजव्या हाताचा खटका दाबला की पुढे, डाव्याचा दाबला की मागे, दोन्ही सोडले की जागेवर थांबते. वेगासाठी एक गोल बटण. त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्याला सशाचं. "शर्यत कासवानं जिंकली होती ना? मग ससा कशाला काढलाय?" हे नानांनी आमच्या चिनूला विचारलं, चिनूनं मला, आणि मी विषय बदलला. सशावर टाकली तरी ती ताशी सहा-सात किलोमीटरच जाते. "आंबा घाटात लोड गाडी याहून जोरात चढायची," एवढं बोलून त्यांनी चिनूला मागे उभं केलं. डबल बेल मिळाल्याशिवाय ते गाडी हलवत नाहीत. चिनू तोंडानंच टिंग-टिंग करते. संपूर्ण मजला ऐकतो.

तिकीट काढताना डॉलरपेक्षा इंचांवर जास्त डोकं खर्च झालं. साध्या खोलीचं दार जेमतेम 22-23 इंच, गाडी 21. कागदावर आत जाते. अरुंद बोळातून काटकोनात वळवताना एसटीचा ड्रायव्हरसुद्धा हात टेकतो. आणि गाडी बोळात लावून ठेवायची सोय नाही. पळापळीची वेळ आली तर तीच वाट, म्हणून बाहेर लावलेली गाडी कर्मचारी मुकाट्यानं उचलून नेतात. त्यामुळे 32 इंची दाराची खास खोली लागते. तिथे न्हाणीघराला उंबरा नसतो, शॉवरखाली बसायला पाट असतो, भिंतीला दांडे असतात. अशा खोल्या मोजक्याच, त्या सगळ्यांत आधी संपतात, आणि त्या मिळवायला एक फॉर्म भरावा लागतो: गाडीची लांबी, रुंदी, वजन, बॅटरी ओली की सुकी, माणूस स्वतः किती पायऱ्या चढतो. नाना म्हणाले, एवढी चौकशी बिल्ला देतानाही झाली नव्हती.

आता गंमत ऐक. बोट निघते सिअ‍ॅटलहून, परत येते सिअ‍ॅटलला, बघायची गावं सगळी अमेरिकेची. तरी नानांना कॅनडाचा व्हिसा काढावा लागला. कारण काय, तर 1886 चा एक कायदा. परदेशी नोंदणीच्या जहाजानं अमेरिकेतल्या बंदराहून निघून नुसती अमेरिकेतलीच बंदरं फिरायची नाहीत, मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यायलाच हवं. म्हणून शेवटच्या संध्याकाळी काही तास कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबा. आणि एवढ्या सगळ्या बोटी परदेशी नोंदणीच्या का? नानांना एका वाक्यात कळलं: "म्हणजे गाडी इथली, पासिंग बहामाजचं." कोल्हापुरातल्या आलिशान गाड्यांवर लांबलांबच्या राज्यांचे नंबर दिसतात, त्यातलाच प्रकार. मग ते विचारात पडले. पासिंग बाहेरचं, तर हे दांडे, ही रुंद दारं कुणाच्या धाकानं? ते मात्र इथल्या सुप्रीम कोर्टानं 2005 साली सांगून ठेवलंय. अपंगांच्या हक्कांचा अमेरिकेचा 1990 चा कायदा इथल्या पाण्यात आलेल्या परदेशी बोटींनाही लागू होतो. जहाजाच्या अंतर्गत कारभारात फारच ढवळाढवळ होईल तेवढी सूट. "आरटीओ चांगला आहे," असा शेरा मिळाला.

बोटीवर सगळं गोड होतं असं नाही. लिफ्ट! रात्रीचा खेळ सुटला की धडधाकट पायांची माणसं एक मजला उतरायला लिफ्टमध्ये भरतात आणि गाडीवाला दारासमोर चार-चार लिफ्टा बघत बसतो. दुसऱ्या रात्री नानांनी तंत्र काढलं. गाडी आधीच फिरवून रिव्हर्समध्ये आत घालायची, म्हणजे बाहेर पडताना तोंड पुढे. मागे जाताना ती बीप-बीप करते, आणि त्यावर नाना खणखणीत मराठीत "चला, आत सरका, आत सरका!" एकालाही मराठी येत नव्हतं. सगळे सरकले.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. नाना गाडीत बसले रे बसले की लोक त्यांच्याशी बोलायचे थांबतात आणि मला विचारतात, "यांना सूप चालेल का?" अरे, हा माणूस समोर बसलाय, त्याला विचार ना! दोन-तीनदा झाल्यावर नानांनी स्वतःच उत्तर दिलं, "आय ड्रायव्हर. ही कंडक्टर. सूप यस." तेव्हापासून त्या टेबलावर ‘कॅप्टन’ म्हणून त्यांनाच आधी वाढलं जायचं. वाढणारा पोरगा मडगावचा निघाला. या बोटींवर गोव्याची पोरं पुष्कळ आहेत. कदंबाचे ड्रायव्हर चोर्ला घाटात कसे वळतात यावर त्या दोघांचा मतभेद झाला आणि त्यातून नानांना रोज रात्री भात-आमटी सुरू झाली.

ग्लेशियर बेमध्ये बर्फाच्या कड्यासमोर बोट थांबते आणि जागच्या जागी हळूहळू पूर्ण फिरते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं. कडा कोसळला, बंदुकीसारखा आवाज झाला, लोक ओरडले. नाना बघत होते ते कॅप्टन एवढं धूड कसं वळवतोय ते. खरं तर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर कठड्याचा वरचा दांडाच येत होता. मग एक काचेचा कठडा सापडला आणि तिथून ते दोन तास हलले नाहीत.

पण बोट सोपी, अवघड ते उतरणं. आम्ही मुद्दाम सगळीकडे धक्क्याला लागणारी फेरी निवडली होती. जिथे बोट समुद्रात उभी राहते आणि लोकांना छोट्या होड्यांतून नेतात, तिथे अशा गाड्यांना बहुतेक वेळा मज्जावच असतो. धक्का असला तरी भरती-ओहोटी आहेच, आणि त्या भागात दोन्हींत वीस फुटांपर्यंत फरक पडतो. केचिकनला सकाळी उतरताना फळी जवळजवळ सपाट होती. वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडणारं गाव. नानांनी "आंबोलीला याहून कितीतरी जास्त," म्हणून निकालात काढलं. तिथे ओढ्यावर खांब रोवून बांधलेली क्रीक स्ट्रीट नावाची लाकडी गल्ली आहे. फळ्यांवरून गाडी खडखडत छान चालली होती. पूर्वी तिथे कसला धंदा चालायचा ते एका पाटीवर इंग्रजीत लिहिलंय. नानांनी पाटी शेवटपर्यंत वाचली, एक शब्द बोलले नाहीत, आणि बटण सशावर टाकलं.

परत आलो तर सकाळच्या फळीचा घाट झालेला. फारच चढ असेल तर गाडी वर घेतही नाहीत. आपल्याकडे चार पोरांनी गाडीसकट नानांना उचलून वर ठेवलं असतं, विचारलंही नसतं. इथे कुणी हात लावत नाही. दोघं आले, चढ डोळ्यानं जोखला, एक पुढे राहिला, एक मागे. तेवढ्यात वरून पर्यटकांचा घोळका उतरायला लागला. नानांनी हात वर केला. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा नियम त्यांनी तिथेही पाळून घेतला. चिनूनं डबल दिली आणि गाडी वर.

स्कॅगवेची रेल्वे सांगायलाच हवी. सोन्याच्या मागे पळणाऱ्यांसाठी 1898 ते 1900 मध्ये बांधलेली, वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते. व्हीलचेअर वर घेणारा पाळणा असलेला डबा आधी सांगून ठेवावा लागतो. रुळांतलं अंतर तीन फूट, म्हणजे आपल्या मिरज-कुर्डुवाडीच्या जुन्या छोट्या गाडीपेक्षा सहाच इंच जास्त. हे कळल्यावर नानांनी शेजारच्या टेक्ससच्या म्हाताऱ्याला त्या बार्शी लाइटचा इतिहास सांगितला. मराठीत. त्यानंही त्याच्या गुडघ्यांचा सांगितला.

व्हिक्टोरियाला अंधार पडला होता, आम्ही दमलो होतो. नाना उतरलेच. धक्क्यावर एक फेरी मारली, वळवली, परत. व्हिसा वसूल.

आता कामाचं. परत आल्यावर इथल्या घराची सगळी दारं मोजून झाली, आता मिरजेची पाळी. दादा, टेप घेऊन मागचं दार, न्हाणीघर, उंबऱ्याची उंची आणि गल्लीतल्या गटारावरच्या फरशीची रुंदी कळव. तू म्हणशील, आम्ही आहोत ना धरायला. तेच त्यांना नकोय रे. गाडी इथून आणायची नाही, विमानात बॅटरीची भानगड होते, तिकडेच बघ. आणि वहिनी, तुळशीवृंदावन हलवायचं नाही असा निरोप आहे. ते तिथून रिव्हर्समध्ये काढतील.

तुझा,
धाकटा