तेलाचा अंदाज, निपाणी मुक्कामी

संकटानंतर तेल कुठे जाणार, हे विचारायला जग व्हिएन्नाला ओपेककडे बघतं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणीचा पंपवाला निवडणुकीची तारीख बघतो. त्याचा अंदाज सहसा चुकत नाही.

एप्रिल २०२०मध्ये अमेरिकी कच्चं तेल पिंपाला उणे ३७ डॉलरवर गेलं. घ्या आणि वर पैसेही घ्या, अशी अवस्था! मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांचं शुल्क वाढवलं; स्वस्ताई पंपापर्यंत पोचलीच नाही. पुढे युक्रेन युद्धाने तेल भडकलं, तेव्हा ‘रोज बदलणारे’ दर उत्तर प्रदेशचं मतदान संपेपर्यंत गप्प बसले. १० मार्च २०२२ला निकाल लागला, २२ मार्चला दरवाढ सुरू.

कागल सोडून कर्नाटकातला कोगनोळीचा नाका ओलांडला की डिझेल स्वस्त, हे गणित एमएच पासिंगच्या ट्रकवाल्यांना पाठ होतं. क्लीनर टाकीचं झाकण उघडून ‘फुल्ल करा’ म्हणायचा. डिसेंबर २०२२मध्ये सीमावाद पेटला आणि हिरेबागेवाडी टोलनाक्यावर याच पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले. डिझेलने मात्र कुणाची भाषा विचारली नाही.

मग लोकसभेचे निकाल लागले. १५ जून २०२४ला कर्नाटकाने विक्रीकर वाढवला: पेट्रोल ३ रुपयांनी, डिझेल साडेतीन रुपयांनी महाग. १ एप्रिल २०२५ला डिझेलवर आणखी २ रुपये. नाक्यापलीकडची स्वस्ताई आटली.

सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. डिझेलपुरता तो बेंगळुरूने परस्पर निकाली काढला.