खंडाळ्याचा अस्सल रहिवासी

पावसाळ्यातल्या शनिवारी अवघं पुणे-मुंबई लोणावळ्याला भिजायला येतं. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत आम्हीही असतो. फक्त पिशवीत चिक्कीऐवजी कुदळ, थर्मामीटर आणि पेन्सिल. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात शाईचं काय होतं, ते सांगायला नकोच.

लोक धबधबे बघतात, आम्ही दगड उलटतो. आम्हाला हवं असतं देवगांडूळ. हे गांडूळ नव्हे, सापही नव्हे. बेडकाच्या भावकीतलं बिनपायांचं पात्र. दिसतं गांडुळासारखं आणि खातंही गांडुळंच. 1960 मध्ये एडवर्ड टेलर या अमेरिकन अभ्यासकाने खंडाळ्याच्या एका जातीला ब्रिटिश म्युझियममधल्या बॅटर्सबींचं नाव दिलं : इंडोटिफ्लस बॅटर्सबाय. म्हणजे मुक्काम खंडाळा, नाव विलायती. इथल्या जुन्या बंगल्यांसारखंच.

पहिल्या दगडाखाली खेकडा निघतो, दुसऱ्याखाली विंचू, तिसऱ्याखाली घोण. तिघांनाही संशोधनात गोडी नसते. तरी दगड होता तसा परत ठेवायचा, हा नियम. घरमालक कितीही खवळलेला असो.

खाचरात आवणी चालू असते. इरलं पांघरलेले एक आजोबा बांधावर थांबतात.

"काय हरवलं का, पाव्हणं?"

"देवगांडूळ शोधतोय, आजोबा."

"मासं धरायला?"

"नाही, बघायला."

"नुसतं बघायला? आन् पगार?"

"मिळतो की."

आजोबा इरल्याखाली कोरडे ठणठणीत, आमचं महागडं जॅकेट आतून-बाहेरून निथळतंय. शेवटी कीव येऊन तेच शेणखताच्या ढिगाकडे बोट दाखवतात. "ततं खणा."

आणि तिथे ते असतं! वीतभर, गडद, चकचकीत, अंगभर वळ्या. डोळे नावापुरते; डोळा आणि नाकपुडी यांच्या मधून इवलीशी स्पर्शिका बाहेर येते, माती चाचपते, आत जाते. कातडीतूनही श्वास घेत असल्यामुळे त्याला कोरड्या हाताने धरायचं नसतं. ही अडचण आषाढातल्या मावळात येत नाही. लांबी मोजायची, मातीचं तापमान टिपायचं, की स्वारी बोटांच्या फटीतून पसार. मुरकुटांनी फोडून काढलेले कान, बुटातला चिखल, सगळं त्या क्षणी माफ.

तोवर आजोबांच्या घरातून आमटीचा आणि इंद्रायणीच्या भाताचा वास येतो. आजोबा सुनेला हाक मारतात, "दोन ताटं जास्ती वाढ गं. ह्यांना गांडूळ बघायचा पगार मिळतो, पण जेवायला कुणी घालत न्हाई वाटतं!"