एनएचएसची सातारा शाखा

साताऱ्यात आमचे एक डॉक्टर आहेत. सत्तरी ओलांडलेली, दवाखाना अजून सुरू, बाहेर लाकडी बाक, आत हिरवा पडदा. गेलं वर्षभर हे गृहस्थ ब्रिटनच्या नॅशनल हेल्थ सर्व्हिसची, म्हणजे एनएचएसची, सातारा शाखा चालवत होते. पगार नाही, नेमणुकीचं पत्र नाही आणि लंडनला याचा पत्ताही नाही.

शाखेचा एकमेव अधिकृत पेशंट म्हणजे माझा भाचा. तो लेस्टरला एम.एस्सी. करतो. व्हिसाचा अर्ज करतानाच त्याच्याकडून एनएचएससाठीचा आरोग्य अधिभार वसूल झाला, आणि भावजींनी तो हिशेब डायरीत लाल शाईने लिहून ठेवला आहे. विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड. कोर्स एका वर्षाचा, पण व्हिसा सोळा महिन्यांचा, म्हणून वरच्या चार महिन्यांचे अर्ध्या वर्षाच्या दराने आणखी ३८८. एकूण ११६४ पौंड, म्हणजे सव्वा लाखाच्या वर रुपये. २०१५ साली हा अधिभार सुरू झाला तेव्हा विद्यार्थ्याला वर्षाला १५० पौंड पडायचे. पुढे ते ४७० झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एकदम ७७६. भावजी ही वाढ एसटीच्या भाडेवाढीच्या सुरात सांगतात. पैसे आगाऊ, एकरकमी, पोरगं विमानात बसायच्या आधी. आणि एवढे मोजून घशात खवखव झाली की भाचा रात्री अकराला फोन लावणार साताऱ्याला. इकडे पहाटेचे साडेचार. डॉक्टर उशीवरूनच म्हणणार, "आ कर." मग मोबाइलच्या उजेडात आ. फी शून्य.

आमच्याच घरची ही तऱ्हा असती तर सदर वाया घालवलं नसतं. पण मी चौकशी केली. परदेशी गेलेल्या प्रत्येक पोरामागे गावाकडे एक डॉक्टर झोपमोड करून उभा आहे.

दोष एकट्या पोराचा म्हणता येत नाही. त्याला परदेशी पाठवणाऱ्या कन्सल्टन्सीने सगळं शिकवलं होतं. बँकेत पैसे किती दिवस पडून हवेत, थर्मल कुठून घ्यायचं, कुकरची शिट्टी हातसामानात ठेवायची की चेक-इनमध्ये. व्हिसासाठी छातीचा एक्स-रे काढून टीबी नसल्याचा दाखलाही आणवला. म्हणजे हा मुलगा तिकडे रोग घेऊन जात नाही याची खात्री ब्रिटनने करून घेतली. तिकडे गेल्यावर त्याला काही झालं तर पुढे काय, हा मुद्दा कोणाच्याच यादीत नव्हता. विद्यापीठाने 'जीपीकडे नोंदणी करा' असा ईमेल पाठवला होता म्हणे. भाच्याला जीपी म्हणजे ग्रेड पॉइंट वाटले. ते सेमिस्टर संपल्यावर मिळतात, म्हणून तो थांबला. बेलग्रेव्ह रोडवर हिंग आणि जाडे पोहे कुठे मिळतात हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं होतं. जीपी म्हणजे आपल्या घराजवळचा डॉक्टर, आणि तिथे धडधाकट असतानाच नाव घालून ठेवायचं असतं, हे कळायला चार महिने गेले.

तोवर बॅगेवर निभावलं. तेवीस किलोंपैकी तीन किलो औषधं होती. पोट सुटलं तर, पोट बांधलं तर, आणि पोट नुसतंच गप्प बसलं तर, अशी तीन वेगळी पाकिटं ताईने मार्करने नावं घालून दिली होती. डोलोच्या दहा पट्ट्या, म्हणजे दीडशे गोळ्या. आता ब्रिटनमध्ये १९९८ पासून नियम असा की साध्या दुकानात पॅरासिटामॉलचं, म्हणजे डोलोतल्याच औषधाचं, पाकीट सोळा गोळ्यांचं, औषधाच्या दुकानात बत्तीसचं. कोणी भलत्या क्षणी मूठभर गिळू नयेत म्हणून ही काळजी. आमचा भाचा त्या देशात दीडशे गोळ्या घेऊन उतरला. लागोसचा, विजयवाड्याचा आणि नांदेडचा असे त्याचे तीन रूममेट त्याला आठवड्याभरात 'डॉक्टर' म्हणायला लागले. म्हणजे सातारा शाखेची उपशाखा.

शेवटी नोंदणीला गेला. जाताना आपल्या पद्धतीने जय्यत तयारी: पासपोर्ट, घरमालकाचं पत्र, दहावीची मार्कशीट, डोमिसाइल, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, यातलं काहीच नको. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव घालायला पत्त्याचा पुरावाही लागत नाही आणि व्हिसाचाही. फॉर्म भरा, झालं. हे ऐकून भाचा घाबरला. त्याने बाहेर येऊन मला फोन केला, "मामा, काहीतरी फ्रॉड वाटतोय. झेरॉक्ससुद्धा मागत नाहीत." ज्याला कागद लागत नाहीत ते काम सरकारी कसं असेल, ही शंका त्याला आली यात मला महाराष्ट्र शासनाच्या शिक्षणपद्धतीचं यश दिसतं.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: आठवड्याला किती युनिट? ताई व्हिडिओ कॉलवरच होती. ती म्हणाली, "लाइटबिल भाड्यात धरलंय ना रे?" भाच्याने घाईघाईने शून्य लिहिलं आणि कॉल कापला. ते दारूचे युनिट होते.

नाव घातलं म्हणजे डॉक्टर भेटले असं नाही. सकाळी आठला फोनची लाइन उघडते आणि दिवसाच्या सगळ्या वेळा तेव्हाच वाटल्या जातात. तत्काळ तिकीट काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. "तुम्ही रांगेत चौदावे आहात," असं यंत्र सांगतं. चौदाव्याचा पहिला होईपर्यंत आजार बरा होतो, किंवा वेळा संपतात. आता ऑनलाइनही विचारता येतं, पण आपल्या पोरांना फोनवर थांबून मिळालेल्या गोष्टीचीच किंमत वाटते.

रांग संपली की खरी परीक्षा. पलीकडच्या बाई विचारतात, होतंय काय? भाच्याला पित्त झालं होतं. आता पित्त झालंय हे इंग्रजीत कसं सांगणार? ॲसिडिटी म्हणावं तर डोकं दुखतंय त्याचं काय? मायग्रेन म्हणावं तर घशाशी आंबट येतंय त्याचं काय? आपल्या आजारांना व्हिसा मिळालेला नाही, हे आमच्या तेव्हा लक्षात आलं. कणकण हा ताप नव्हे. थर्मामीटर सदतीस दाखवतो आणि तिकडची नर्स 'छान' म्हणते. अंग मोडून आलंय म्हटलं तर फ्रॅक्चर कुठे ते विचारतील. 'उष्णता झालीय' हे डिसेंबरातल्या लेस्टरमध्ये म्हणण्याची तर कोणाची छाती नाही. बाहेरचं बाधलं, पोटात गोळा आला, घसा धरला, पायात वांब आले... विद्यापीठांनी नवीन पोरांना टोटबॅग आणि पेन वाटण्याऐवजी एवढ्या शब्दांची चिठ्ठी वाटली तर बिघडलं कुठे? दुभाषा मागता येतो, पण दुभाष्यालाही कणकण झालेली असावी लागते.

पुढे बाईंनी विचारलं, दुखणं दहापैकी किती? आपल्या मुलांना दहापैकी म्हटलं की मार्कच आठवतात. भाच्याने आयुष्यात नऊच्या खाली काही घेतलेलं नाही. "नऊ," म्हणाला. पलीकडे शांतता पसरली. छातीत दुखतंय का, श्वास घेता येतोय का, ९९९ ला अँब्युलन्ससाठी फोन केलात का, असे प्रश्न सुरू झाले. तेव्हा कुठे तो घासाघीस करत पाचावर आला.

मधल्या मधल्या पायऱ्यांचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. जीवावर बेतलं तर ९९९. तेवढं नसेल पण थांबवतही नसेल तर १११, फोन फुकट, रात्री-अपरात्री चालू. आणि जानेवारी २०२४ च्या शेवटापासून इंग्लंडमध्ये सात किरकोळ आजारांवर औषधवालाच तपासून औषध देऊ शकतो. त्यात घसादुखी आहे. म्हणजे ज्या घशासाठी साताऱ्याचे डॉक्टर पहाटे साडेचारला उठत होते, तो घसा भाच्याच्या खोलीखालच्या दुकानात दाखवता आला असता. भाचा त्या दुकानात गेलाही होता. जाऊन त्याने काउंटरवर "जरा कडक अँटिबायोटिक" मागितलं. चिठ्ठीशिवाय मिळणार नाही म्हटल्यावर तोंड पाडून परत आला आणि रिव्ह्यूमध्ये एक तारा देऊन मोकळा झाला.

दात आणि चष्मा यांचं मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण इथे आपल्याला इतिहासही साक्षीला आहे. एनएचएस ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, अन्यूरिन बेव्हन या मंत्र्याने उभी केली, सगळं फुकट. तीनच वर्षांत सरकारने चष्म्याला आणि कवळीला पैसे लावले आणि बेव्हन राजीनामा देऊन बाहेर पडले. ज्या चष्म्यावरून तिकडे मंत्रिपद गेलं, तो भाच्याने बसमध्ये चढताना मोडला. तेव्हा पोरांनो, दाढ इथेच भरून घ्या आणि चष्मे दोन न्या. अधिभार भरला तरी इंग्लंडात चिठ्ठीवरच्या एकेका औषधाला ९.९० पौंड पडतात. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये पडत नाहीत, त्यामुळे भावजींचं मत आता एडिनबरोकडे झुकलं आहे.

असो. भाच्याला अखेर वेळ मिळाली. दहा मिनिटं. डॉक्टर निघाल्या मूळच्या तमिळ. भाचा आम्ल, जळजळ, डोकं असं इंग्रजीत जुळवत असताना त्यांनी विचारलं, "पित्तम्?" सव्वा लाख तिथे वसूल झाले असं तो म्हणतो.

इंजेक्शन नाही, सलाइन नाही. चिठ्ठीही नाही, साधी गोळी दुकानात स्वस्त मिळते, तीच घ्या म्हणाल्या. भावजींना हे कळल्यावर ते दोन दिवस धुमसत होते. सव्वा लाख भरून साधी सुई नाही? पण उरलेल्या आठ मिनिटांत त्या डॉक्टरांनी एकच विचारलं: झोप किती होते? भाचा काही बोलला नाही. मग बोलला. आठवड्याला वीस तासांची परवानगी आहे, ते वीसही तास गोदामात रात्रपाळीचे, दिवसा लेक्चर, आणि उरलेल्या वेळात कर्जाच्या हप्त्याची बेरीज. डॉक्टरांनी त्याला एनएचएसच्या टॉकिंग थेरपीचा, म्हणजे बोलून मन हलकं करायच्या उपचाराचा, पत्ता दिला. तिथे स्वतःहून नाव घालता येतं. त्याने घातलं.

हे त्याने मला सांगितलं. "मामा, आईबाबांना बोलू नकोस."

भावजींना एवढंच समजलं की पोरगं डॉक्टरकडे जाऊन आलं आणि नीट काही सांगत नाही. साताऱ्यात पेशंटबरोबर पडद्याआड घरचे चार जण जातात आणि दुखतंय कुठे ते पेशंट सोडून सगळे सांगतात. त्याच सवयीने त्यांनी थेट लेस्टरला फोन लावला. रांगेत नववे होते. नंबर लागल्यावर म्हणाले, मी त्याचा बाप, पैसे मी भरलेत, काय झालंय ते सांगा. पलीकडच्या बाई फार गोड बोलल्या आणि त्यांनी काहीही सांगितलं नाही. तुमचा मुलगा आमच्याकडे येतो की नाही, हेसुद्धा नाही. भावजींनी याला ब्रिटिशांचा जुना उर्मटपणा म्हटलं आणि दीडशे वर्षांचा हिशेब काढला.

परवा साताऱ्याचे डॉक्टर बाजारात भेटले. म्हणाले, "तुमच्या भाच्याचा बरेच दिवसांत फोन नाही. बरा आहे ना?" त्यांचा चेहरा जरा उतरलेला वाटला. हल्ली पहाटे साडेचारला जाग येते आणि फोन वाजत नाही, म्हणाले.

रात्री ताईचा फोन आला. "तुला ठाऊक असणार. तिकडच्या डॉक्टरांनी काय सांगितलं त्याला?"

मी लेस्टरच्या त्या बाईंइतकं गोड बोलायचा प्रयत्न केला. "ताई, पेशंटची माहिती आम्ही कोणाला देत नाही. फोन कर त्याला. पण सकाळी कर, रात्री झोपू दे."