दत्तक मंजूर!

कॅमेरा कसा आहे, हे नानांना विचारू नये. ते सांगतात कॅमेरा कुणाचा आहे ते. मेगापिक्सेल म्हणजे त्यांच्या लेखी उपटसुंभ. कॅमेऱ्याला घराणं हवं.

"फोक्टलेंडर! व्हिएन्ना, १७५६!" एवढं बोलून नाना डोळे मिटतात. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ साली. त्याआधीची ८३ वर्षं ही मंडळी कसले कॅमेरे विकत होती, हे विचारायची सोय नाही. पेट्झवालची गाजलेली पोर्ट्रेट लेन्स १८४० साली याच घराण्यानं बनवली, हे मात्र खरं. नाना ते अशा थाटात सांगतात, की काच घासायला स्वतः बसले होते!

एकदा मी धीर करून म्हटलं, "नाना, तुमची लेन्स जपानची आहे. १९९९पासून हे नाव कोसिना कंपनी वापरते."

"दत्तक गेलंय ते," नाना गरजले, "आणि दत्तक नामंजूर करणारा तू डलहौसी कोण?"

या न्यायानं त्यांच्या कपाटात एकही संस्थान खालसा होत नाही. कोडॅकनं २०१२मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे त्या नावाचे पिक्सप्रो कॅमेरे परवाना घेऊन दुसरीच कंपनी विकू लागली. दत्तक मंजूर! याशिकाचे कॅमेरे २००५च्या सुमारास बंद झाले. नाव हाँगकाँगला गेलं आणि २०१७मध्ये लोकवर्गणीतून 'वाय ३५' अवतरला. त्यात रिळासारखी डबी घालायची आणि दर फोटोआधी खटका ओढायचा. डबीत फिल्म नसतेच, डबी बदलली की फोटोची छटा बदलते. फोटो टिपणारा सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान. तरीही दत्तक मंजूर! नाना खटका ओढतात आणि गळ्यात याशिका अडकवून मांडवात फिरणारे जुने फोटोग्राफर आठवून गहिवरतात. नातवाच्या मुंजीत ते असे गहिवरले असताना मातृभोजन आटोपलं. फोटो सूनबाईंनी मोबाइलवर काढले.

नानांना हसावं तर पंचाईत अशी, की कोसिनाच्या लेन्स खरोखर उत्तम असतात. पण तो गुण आज त्या घडवणाऱ्या कारागिरांचा. १७५६चा त्यात काडीचाही हात नाही. तेव्हा दुकानात जुनं नाव चमकताना दिसलं, तर सनावळी ऐकून घ्या, चहा मिळाला तर तोही घ्या. पण पैसे काढण्याआधी एवढं विचारा, की हा बनवतो कोण आणि बिघडला तर दुरुस्त करतो कोण?