घरात पी-सिक्स आहे

सिंगापूरमध्ये कुणाचं जेवायचं बोलावणं टाळायचं असेल तर एकच कारण पुरतं : "आमच्याकडे यंदा पी-सिक्स आहे." आपल्याकडे सुतक आहे म्हटल्यावर लोक जसा आवाज खाली घेतात तसा समोरचा माणूस घेतो आणि "मग ऑक्टोबरनंतरच भेटू" म्हणून फोन ठेवतो. पोराला ताप आलाय म्हटलं तरी इतकी सहानुभूती मिळत नाही.

पी-सिक्स म्हणजे प्रायमरी सिक्स, आपली सहावी. तिच्या शेवटी प्रायमरी स्कूल लीव्हिंग एक्झामिनेशन नावाची परीक्षा असते. १९६० पासून इथली पोरं ती देतायत आणि १९६० पासून इथल्या आया त्या काळात वजन घटवतायत. इंग्रजी, गणित, विज्ञान आणि मातृभाषा असे चार विषय. ऑगस्टात तोंडी, सप्टेंबरात श्रवण, सप्टेंबर संपता संपता लेखी आणि नोव्हेंबरच्या अखेरीस निकाल. माध्यमिक शाळा कुठली मिळणार हे त्या निकालावर ठरतं, म्हणून बारा वर्षांचं पोर आणि त्याच्या मागं अख्खं खटलं कामाला लागतं. आमच्या ऑफिसातल्या एका चिनी मैत्रिणीनं वर्षभराची रजा साठवून सप्टेंबरात टाकली. साहेबानं अर्जावर नजर फिरवली आणि एवढंच विचारलं, "गणित की चायनीज?" ती म्हणाली, "दोन्ही." साहेबानं उभ्या उभ्या सही केली. त्याची मुलगी आदल्या वर्षी बसली होती.

सरकारच्या मनात मुलांचं ओझं कमी करायचं आहे, हे मात्र कबूल केलं पाहिजे. पहिल्या आलेल्यांची नावं जाहीर करणं २०१२ पासून बंद झालं. २०२१ पासून गुणांची जुनी किचकट पद्धत जाऊन श्रेण्या आल्या. २०२३ पर्यंत शाळांतल्या सहामाही परीक्षाही गेल्या. सरकारनं सहामाही बंद केली आणि शिकवणीवाल्यांनी ती सुरू केली, फी लावून. २०२३ च्या घरखर्चाच्या पाहणीत सिंगापूरकरांनी वर्षाला १.८ अब्ज डॉलर शिकवण्यांवर घातल्याचं दिसलं. हे वाचून आमच्या यजमानांच्या अंगातला सातारकर जागा झाला. "दोन इंजिनिअर घरात असताना शिकवणी? आपणच घेऊ."

"आपण" म्हणजे कोण, हे ठरेपर्यंत साताऱ्याहून सासरेबुवांचं तिकीट निघालं होतं. अण्णा आयुष्यभर बँकेत कॅशियर होते. त्यांनी विमानतळावरून घरी येतानाच टॅक्सीत विचारलं, "सूनबाई, ही परीक्षा झाली की पोरगा काय होतो?"

"सेकंडरी वनला जातो, अण्णा."

"म्हणजे आठवी?"

"नाही, सातवी."

अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे वडील जुनी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाले होते आणि त्या एका परीक्षेवर प्राथमिक शाळेत मास्तर लागले होते. "आमचे दादा फायनल झाले तर गावानं पेढे वाटले, नोकरी लागली, लग्न ठरलं," ते म्हणाले. "इथं एवढं करून नुसती सातवी?" चिरंजीव टॅक्सीच्या पुढच्या सीटवरून म्हणाले, "अण्णा, लग्न ठरत नाही हेच बरंय."

खातेवाटप झालं. गणित नवऱ्याकडे, विज्ञान माझ्याकडे आणि हिंदी अण्णांकडे. हिंदी कुठून आली, तेही सांगितलं पाहिजे. इथं मातृभाषा हा सक्तीचा विषय. चायनीज, मलय किंवा तमिळ घ्यायची. भारतीय मुलांना हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू यांतलीही एक घेता येते. मराठी त्या यादीत नाही. गुजराती आहे, मराठी नाही, हे अण्णांना कळलं त्या दिवशी त्यांनी संध्याकाळचा चहा घेतला नाही. तेव्हा माझ्या पोटी जन्मलेल्या, "आई गं" म्हणून ठेचकाळणाऱ्या पोराची शाळेच्या दप्तरी मातृभाषा हिंदी आहे. शनिवारी सकाळी आम्ही त्याला ती शिकायला पाठवतो. त्याच्या वर्गात निम्मी मुलं तमिळही नाहीत आणि हिंदीही नाहीत, अशीच कुणी तेलुगू, कुणी मल्याळी, कुणी कोकणी. प्रत्येकाच्या घरी एक आई वेगळ्याच भाषेत ओरडते आणि परीक्षेपुरती सगळ्यांची आई एकच.

अण्णांनी तरुणपणी राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिलेल्या. त्यामुळे आत्मविश्वासाला तोटा नव्हता. तोंडी परीक्षेची तयारी म्हणून रोज संध्याकाळी आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत आजोबा-नातवाचा हिंदी संवाद चाले. मी वरून कपडे काढताना ऐकायची.

"बेटा, यह पुस्तक किसका है?"

"किसकी है, अण्णा. पुस्तक हिंदीत 'ती' असते."

"आपल्यात 'ते' आहे की."

"हो, पण परीक्षा त्यांच्यात आहे."

असं आठवडाभर चाललं. पुस्तक 'ती', दही 'तो', आणि अण्णा सगळ्यांना नपुंसकलिंगात कोंबायला बघायचे. शेवटी शिकवणी उलटी वाहू लागली. पोरगा अण्णांना शिकवी आणि अण्णा वहीत लिहून घेत. मला विचाराल तर पोराची हिंदी जी काही सुधारली ती ह्यानंच. चुकणारा म्हातारा रोज हाताशी असला की बारा वर्षांच्या मुलाला व्याकरण फार पटकन येतं.

गणिताचं प्रकरण जरा गंभीर होतं. आमचे हे इंजिनिअर. कुठलंही उदाहरण समोर आलं की ह्यांच्या तोंडून प्रतिक्षिप्त क्रियेनं बाहेर पडतं : "क्ष मानू." इथल्या प्राथमिक गणिताचा सगळा डौल मॉडेलवर आहे. १९८० च्या दशकात इथल्या अभ्यासक्रमवाल्यांनी ही पद्धत घडवली : रामकडे किती आणि शामकडे किती याचे आडवे पट्टे काढायचे, पट्ट्यांचे सारखे तुकडे पाडायचे, आणि बेरीज-वजाबाकीनं गणित बोलतं करायचं. पट्टे दिसतात बालवाडीचे, पण त्यांनी सोडवायची गणितं अशी की ह्यांना दोन-दोन अव्यक्त पदं घेऊन एकसामयिक समीकरणं मांडावी लागायची. ती पोराला शिकवलेलीच नाहीत. मग हे समीकरण सोडवून उत्तर आणणार आणि त्या उत्तरावरून उलटे पट्टे काढणार. पोरगा शांतपणे म्हणायचा, "बाबा, तुम्ही उत्तराला प्रश्न जोडताय."

२०२१ च्या पेपरातलं एक गणित इथं फार गाजलं होतं. पेपर झाल्यावर पोरं रडली, पालकांनी सोशल मीडियावर दंगा केला. ते आम्ही एका रविवारी सोडवायला घेतलं. हेलन आणि आयव्हन यांच्याकडे सारखीच नाणी. हेलनकडे वीस सेंटची ६४ आणि बाकी पन्नास सेंटची. आयव्हनकडे वीसची १०४ आणि बाकी पन्नासची. हेलनच्या नाण्यांचं वजन १.१३४ किलो. पैसे कुणाकडे जास्त आणि कितीनं? आणि पन्नासचं एक नाणं वीसच्या नाण्यापेक्षा २.७ ग्रॅमनं जड असेल, तर आयव्हनच्या नाण्यांचं वजन किती?

"क्ष मानू," हे म्हणाले. मग य मानला. मग वजनासाठी आणखी एक अक्षर मानलं. कागद भरला. नाणी एकूण किती हे दिलेलंच नाही असं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पेपर काढणाऱ्याची अक्कल काढली. तेवढ्यात अण्णा शेंगा सोलता सोलता म्हणाले, "अरे, नाणी वजनावर मोजण्यात माझी उमर गेली. किती आहेत ते कशाला पायजे? फरक बघ की." आणि पोराला जवळ घेऊन बसले.

"हे बघ. नाणी सारखीच. ह्या आयव्हनकडं वीसची किती जास्त?"

"चाळीस."

"मग तिच्याकडं पन्नासची चाळीस जास्त. म्हणजे चाळीस नाणी बदलून दिली असं समज. एका नाण्यामागं फरक किती?"

"तीस सेंट. चाळीस गुणिले तीस, बारा डॉलर! हेलनकडे जास्त."

"आता वजनाचं बोल."

पोरानं २.७ ला चाळीसनं गुणलं, १०८ ग्रॅम आले, ते १.१३४ किलोतून वजा केले आणि १.०२६ किलो लिहून खाली दोन रेघा मारल्या. सगळ्याला शेंगांची एक मूठ संपायला लागतो तेवढा वेळ लागला. हे आपला भरलेला कागद उलटा करून उठले, ते थेट गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला. त्या दिवसापासून गणित खातं अण्णांकडे वर्ग झालं आणि हिंदी कुणाकडेच राहिली नाही.

विज्ञान मी घेतलं, कारण त्यात काय आहे असं मला वाटत होतं. विज्ञानात काही नाहीच; सगळं आहे ते उत्तराच्या वाक्यात. पोहे वाफवायला ठेवले होते. झाकण काढलं तर आतून पाण्याचे थेंब. संधी साधून मी विचारलं, "हे पाणी कुठून आलं?" पोरगा झाकणाकडे न बघता घडाघडा बोलला : पोह्यांतल्या पाण्याची वाफ झाली, ती गरम वाफ झाकणाच्या थंड पृष्ठभागाला लागली, तिनं उष्णता गमावली आणि सांद्रीभवन होऊन पाण्याचे थेंब झाले. इंग्रजीत अर्थात, आणि एका दमात. ह्यातलं "थंड" राहिलं तर अर्धा गुण गेला, "उष्णता गमावली" राहिलं तर अख्खा. मी विचारलं, "आणि मी एवढंच लिहिलं की वाफ झाकणाला लागून पाणी झालं?" पोरगा म्हणाला, "शून्य, आई." अण्णा पोह्याची बशी पुढं करत म्हणाले, "वाफ धरली एवढंच की," त्यावर पोरानं त्यांना गुणच दिले नाहीत, फक्त लिंबू दिलं.

मी शेकडो वेळा पोहे केले असतील, पण ते कसे शिजतात हे मला गुण मिळतील अशा वाक्यात सांगता येईना. मग मी आदर्श उत्तरांची पुस्तकं आणायला ब्रास बसा कॉम्प्लेक्समधल्या पॉप्युलरमध्ये गेले. तिथं असेसमेंट बुकांच्या कपाटांपुढं उभ्या आया आणि आज्या बघितल्या की आपण एकट्या नाही याचा धीर येतो. माझ्या शेजारी एक चिनी आजी एकेक पुस्तक उघडून मागची उत्तरं तपासत होती. तिनं माझ्या टोपलीत बघितलं, दोन पुस्तकं काढून परत ठेवली आणि दुसरी दोन टाकली. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. तिचा निर्णय योग्य होता.

गणपती बहुतेक वर्षी तोंडी आणि लेखीच्या मधल्या सापटीत येतो. विद्येची देवता इतक्या मोक्याच्या वेळी घरी येते म्हटल्यावर तिची सुटका नव्हती. दसऱ्याला पुस्तकं पुजायची आपली रीत, पण दसऱ्यापर्यंत पेपर होऊन गेलेले असतात. म्हणून दीड दिवस बाप्पा असेसमेंट बुकांच्या दोन थप्प्यांमध्ये बसला. लेखीच्या आधी अण्णा वॉटर्लू स्ट्रीटवरच्या श्रीकृष्ण मंदिरातही जाऊन आले. त्याला लागूनच क्वान यिनचं चिनी मंदिर आहे, आणि तिथून निघालेली चिनी माणसं वाटेत कृष्णापुढंही उदबत्ती लावून जातात. अण्णांनी ते बघितलं आणि आपणही परतताना क्वान यिनकडे हात जोडून आले. "फुटकळ गुण राहायला नकोत," म्हणाले. त्यांना आता गुणांची पद्धत कळली होती.

ती पद्धत भारतात कुणाला समजावून सांगणं हा पाचवा विषय समजा. प्रत्येक विषयाला एक ते आठ श्रेणी. नव्वद किंवा वर मिळाले की एक, वीसच्या खाली गेले की आठ. चारही विषयांची बेरीज करायची. म्हणजे उत्तम मुलाला चार आणि तळाच्या मुलाला बत्तीस. निकालाच्या दिवशी डोंबिवलीहून माझ्या मावशीचा फोन आला.

"किती पडले गं?"

"नऊ."

पलीकडे शांतता. मग मावशी फार मायेनं म्हणाली, "असू दे हो. नऊ टक्क्यांनी काय आयुष्य संपत नाही. त्याला ओरडू नकोस." मी तिला पद्धत समजावून सांगितली. तिनं काकांना सांगितलं. काकांनी फोन घेऊन विचारलं, "शंभरपैकी नव्वद मिळाले काय आणि शंभर मिळाले काय, दोन्हीला एकच? मग वरचे दहा गुण सरकार ठेवून घेतं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

परीक्षा द्यायची ज्याला होती तो ह्या सगळ्यात कुठं होता, असं कुणी विचारलं तर खाली बॅडमिंटन खेळत होता. लेखीच्या आदल्या दिवशीही खेळत होता. अण्णांच्या मते तोच एक घरात नीट अभ्यास झालेला माणूस होता, बाकी आम्ही सगळे नापास.

आता आमच्याकडे असेसमेंट बुकांची दोन खोकी पडून आहेत आणि धाकटीची पी-सिक्स यायला अवकाश आहे. तोवर अभ्यासक्रम बदलेल. पंगोलच्या आसपास कुणाला हवी असतील तर खुशाल न्या. विज्ञानाची वापरलेली आहेत, गणिताची निम्मी कोरी आहेत, हिंदीची अण्णांनी पेन्सिलीनं सोडवली आहेत, ती खोडून घ्यावी लागतील. पोरानं बघू नयेत म्हणून उत्तरांची पानं मी फाडून नीट ठेवली होती, ती अजून सापडलेली नाहीत. गणितात अडलं तर साताऱ्याला फोन लावा, रात्री जेवणं झाल्यावर अण्णा मोकळे असतात. फक्त हिंदीचं काही विचारू नका.